चर्चच्या पार्किंग लॉटमधला बुधवारचा वर्ग

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आम्ही राहायला आलो ते २००२च्या जानेवारीत. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी त्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. गाडी मला येत नव्हती. बस सकाळी ऑफिसवाल्यांना घेऊन मिनिॲपोलिसला जायची आणि संध्याकाळी त्यांना परत आणून सोडायची, मधल्या वेळात ती कुठे असते ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या अपार्टमेंटपासून चालत जाता येईल अशा दोनच जागा होत्या, एक गॅस स्टेशन आणि एक चर्च. गॅस स्टेशनवर रोज जाऊन काय करणार? मी चर्चला जायला लागले.

तसं मी कुठेही गेले असते तरी चर्च शोधलंच असतं. मी नगरची. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती. पणजोबांच्या गावात त्यांच्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नसत. अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी त्यांना शाळेत घेतलं, पुढे ते स्वतः मास्तर झाले. आजोबा मास्तर, वडीलही मास्तर. नाताळला आमच्याकडे करंज्या होत, उपासनेला पेटी आणि तबला असे. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, "तू ख्रिश्चन? पण तुझं मराठी किती छान आहे!" आणि इथे, पहिल्याच रविवारी, कॉफी पिताना एका आजोबांनी प्रेमाने विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" मी म्हटलं, "तुमच्या आजोबांच्या वेळी." त्यांना तो विनोद वाटला. मी खरं तेच सांगितलं होतं.

चर्च लहान होतं. स्वीडन-नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची ही नातवंडं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. पाळक मात्र पन्नाशीच्या एक बाई होत्या. आमच्याकडे पाळकसाहेब असतात, पाळकबाई मी तिथेच पहिल्यांदा पाहिल्या. उंच, मोठ्याने हसणाऱ्या, आणि प्रार्थना मात्र अगदी थोडक्यात उरकणाऱ्या.

त्या वसंतात चर्चच्या पंथाच्या मुख्य कार्यालयाकडून एक मोठं खोकं आलं. चर्चच्या आसपास आता अपार्टमेंटं झाली होती, देशोदेशीचे लोक राहायला आले होते आणि त्यांच्यातलं कुणी चर्चची पायरी चढत नव्हतं. समाजात जाऊन सेवाकार्य कसं सुरू करावं, याचं सगळं साहित्य त्या खोक्यात होतं. एक जाडजूड फाइल, व्हिडिओ कॅसेट, रंगीत पोस्टर, भिंतीवर लावायचा तक्ता आणि 'तुमचे स्वागत आहे' असं छापलेले फुगे. पाळकबाईंनी समिती नेमली आणि मलाही घेतलं. "तुम्ही त्या अपार्टमेंटमध्ये राहता, आम्ही फक्त समोरून जातो," त्या म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त विमा एजंट होते. केस बारीक कापलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. कामाला चोख माणूस. दुसऱ्या एक बाई होत्या, विधवा, हायस्कुलात टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या. त्या फारसं बोलत नसत, पण बोलल्या की समोरचा वहीत उतरवून घेईल असं स्पष्ट बोलत.

फाइलच्या पहिल्याच भागात म्हटलं होतं, आपल्या परिसरातल्या लोकांची गरज काय ते ओळखा. आम्ही चर्चच्या तळघरात बसून ती ओळखायचा प्रयत्न केला. लोक एकटे असतील, असं कुणी म्हणालं. भुकेले असतील, असं दुसऱ्याने म्हटलं. मला दोन्ही पटलं, कारण मी एकटी होतेच आणि मीटिंग जेवायच्या वेळेला होती. शेवटी ठरलं, बुधवारी संध्याकाळी सगळ्यांना मोफत जेवण.

पोस्टर लावली, फुगे फुगवले. बायकांनी हॉटडिश केली. हा तिकडचा घरोघरचा पदार्थ. खाली खिमा, मधे डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याचे तळलेले गोळे, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. एवढी तयारी झाली आणि बाहेरून आल्या फक्त दोघी, त्याही मी ओढून आणलेल्या. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी नागपूरची शेजारीण आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या तिच्या सासूबाई. सासूबाईंना मी काकू म्हणायचे.

काकूंनी ताटात वाढलेल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच मला विचारलं, "काय आहे वो बाई यात?"

मी सांगितलं. काकूंनी ताट दोन बोटांनी जरासं पुढे सरकवलं. पावाला लोणी लावून खाल्लं, कॉफी प्यायल्या, आणि वाढणाऱ्या बाईकडे पाहून गोड हसल्या. तोवर अध्यक्षांनी प्रत्येक ताटाशेजारी एक छोटी छापील पत्रिका ठेवली होती. तारणाचा मार्ग वगैरे. शेजारणीने ती उलटसुलट करून वाचली आणि पर्समध्ये टाकली.

घरी परतताना ती म्हणाली, "एक विचारू? राग नको मानू. हे लोक आपल्याला काहून बोलावून राहिले? शेवटी मागणार काय?"

मला राग आला नाही. पणजोबा शाळेत जायला लागले तेव्हा अख्ख्या गावाने हाच प्रश्न विचारला असणार. पणजोबांना शाळा मिळाली आणि धर्मही मिळाला, आणि त्यांना दोन्ही हवं होतं. ते या बाईला रस्त्यात उभं राहून कसं समजावणार? मी म्हटलं, "मी विचारून सांगते."

आणि खरंच विचारलं. पुढच्या मीटिंगमध्ये मी शेजारणीचा प्रश्न जसाच्या तसा समितीपुढे ठेवला. पाळकबाई म्हणाल्या, "आपल्याला आधी हेच ठरवायला हवं. मला विचाराल तर काही मागायचं नाही."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "काही मागायचं नाही हे ठीक. पण काही सांगायचंही नाही? सुवार्ता सांगायची नसेल तर चर्चने हे करायचं कशाला? जेवण काउंटीचं सरकारसुद्धा देतं."

ते चुकीचं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या जागी माझे वडील असते तर हेच म्हणाले असते. त्या दिवशी काही ठरलं नाही. बुधवारचं जेवण आणखी काही आठवडे चाललं. आमचेच आजी-आजोबा येऊन जेवून जायचे. मग उन्हाळा आला आणि ते बंद पडलं.

काकू परत गेल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. या खेपेला मुक्काम थंडीत होता. नातीला सांभाळायला लेकाने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. एका सकाळी त्या कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून खाली उतरल्या. अंगावर मुलाचं जाड जॅकेट, पायात मोज्यांवर चपला. वाटेत काचेसारखा बर्फ होता. आवाज ऐकून मी खिडकीशी गेले तर काकू पाय पसरून जमिनीवर बसलेल्या, उजवा हात डाव्या हातात धरलेला.

मी आणि शेजारणीने मिळून त्यांना वर आणलं. मनगट वाकडं दिसत होतं. तिच्या नवऱ्याचा फोन लागेना, तो क्लायंटकडे दुसऱ्या गावी गेला होता. माझा नवरा सेंट पॉलला होता, ऑफिसच्या व्हॅनमधून गेलेला. आमची गाडी खाली उभी होती, किल्ली माझ्या हाताशी होती, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच ती चालवता येत नव्हती. ॲम्ब्युलन्स म्हटलं की काकू रडायला लागत. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की इथे ॲम्ब्युलन्सच्या बिलात घर विकावं लागतं.

मी चर्चमध्ये फोन केला. पाळकबाई एका अंत्यविधीला गेल्या होत्या. फोन टायपिंगवाल्या बाईंनी उचलला. "पत्ता सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. थोड्याच वेळात त्यांची लांबलचक मरून रंगाची गाडी दाराशी आली. त्यांनी काकूंच्या हाताखाली उशी दिली, मांडीवर घोंगडी टाकली आणि क्लिनिकला नेलं. तिथे एक्स-रे, प्लास्टर सगळं होईपर्यंत त्या आमच्याबरोबर बसून राहिल्या. विणकाम सोबत आणलं होतं. काकू मराठीत कण्हत होत्या आणि त्या इंग्रजीत "आय नो, आय नो" म्हणत होत्या.

परत येताना मागच्या सीटवरून शेजारीण एकदम म्हणाली, "विल यू टीच मी? ड्रायव्हिंग?"

बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मी टायपिंग शिकवत होते."

"चालेल," शेजारीण म्हणाली.

मी पुढच्या सीटवर बसले होते. मी म्हटलं, "मलाही."

नवऱ्याकडून शिकायचा प्रयत्न मी आधी केला होता. त्याची कथा सांगण्यासारखी नाही. त्याने एकदा माझ्या हातावर हात मारून स्टिअरिंग फिरवलं आणि मी गाडी जिथे होती तिथेच थांबवून चालत घरी आले. शेजारणीचं तेच. तिचा नवरा म्हणे, "अगं, वीकेंडला मी शिकवतो ना, त्यात काय एवढं?" शनिवारी दोघं हसत जायचे आणि परत येताना एकमेकांशी बोलत नसायचे. पण तो दुसऱ्या कुणाला गाडीही देईना. "नवी गाडी आहे यार, ट्रेनिंगला नको."

लेखी परीक्षा देऊन आम्ही शिकाऊ परमिट काढली आणि बर्फ वितळल्यावर, एका बुधवारी सकाळी, चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये बाईंच्या गाडीत बसलो. बाई शेजारी बसल्या. पाठ ताठ, पर्स मांडीवर.

"हाताकडे बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "टायपिंगमध्येही सगळे हेच करतात. बोटं कुठे आहेत ते बोटांना माहीत असतं. तुम्ही समोर बघा."

आम्ही समोर बघितलं. लॉटभर गोगलगाईच्या वेगाने फिरलो. शेजारणीने पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्याला धडक दिली. बाई म्हणाल्या, "डबा जुनाच होता. पुन्हा मागे घ्या."

आपल्याकडे शिकवणाऱ्या बाईंना बाई म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना बाई म्हणायला लागलो. काही आठवड्यांनी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही दोघी मला आल्या आल्या बाय का करता?" मी खुलासा केला तेव्हा इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नंतर त्या फोन उचलल्यावर स्वतःच "बाई बोलतेय" म्हणू लागल्या. शब्द मराठी, हेल नॉर्वेचा.

खिडकीतून आमच्याकडे पाहणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. महिन्याभरात आमच्या बिल्डिंगमधली एक तामिळ बाई आली. मागच्या अपार्टमेंटमधल्या सोमाली बायका आल्या, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या आणि आमच्यापेक्षा कितीतरी धीट. त्यांच्याबरोबर मुलं आली, मुलांसाठी चर्चची खेळण्यांची खोली उघडावी लागली. बाई एकट्या पुरेनात. चर्चमधली आणखी दोन-तीन माणसं शिकवायला पुढे झाली. पाळकबाईंनी समितीपुढे विषय ठेवला की हेच आपलं सेवाकार्य समजूया का?

अध्यक्ष म्हणाले, "विमा."

त्यांनी खिशातलं एक पेन काढून टेबलावर ठेवलं.

"कुणी कुणाला धडकलं, तर चर्चवर दावा लागेल. इमारत जाईल. शिवाय हे सेवाकार्य कसलं? इथे देवाचं नाव कुठे आहे?"

त्यांनी विरोधात मत दिलं. पण बहुमत आमच्या बाजूने पडल्यावर ते त्या जाड फाइलमधला विम्याचा भाग घरी घेऊन गेले. पुढचे दोन आठवडे त्यांनी फोन करून करून विमा कंपनीला हैराण केलं, आणि एक पक्की व्यवस्था घेऊन आले. चर्च ड्रायव्हिंग स्कूल चालवणार नाही, फक्त जागा देईल. प्रत्येकीकडे स्वतःचं परमिट हवं. गाडी जिची असेल तिच्या विम्यात शिकणारीचं नाव घालायचं. शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायची. लॉटच्या दोन्ही तोंडांना केशरी कोन ठेवायचे. ते कोनही त्यांनी स्वतः आणून ठेवले. "माझं मत बदललेलं नाही," ते पाळकबाईंना म्हणाले. "पण करायचंच तर नीट करा."

पत्रिकांचा प्रश्न राहिला होता. त्या वाटायच्या नाहीत असं ठरलं. दारातल्या टेबलावर ठेवायच्या, ज्याला हवी त्याने घ्यावी. मी शेजारणीला म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, शेवटी काय मागणार? काही मागणार नाहीत. ठरलं तसं."

"लेखी?" तिने विचारलं.

"समितीत ठरलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिचे वडील नागपूरला सहकारी बँकेत होते. समितीत ठरलं या शब्दाला तिच्या लेखी वजन होतं.

मिनेसोटाची ड्रायव्हिंगची परीक्षा बंद आवारात होत असे. दोन झेंड्यांच्या मधे गाडी समांतर उभी करणं हा त्यातला सगळ्यांच्या जिवावर येणारा भाग. मी पहिल्या खेपेला पास झाले. परीक्षक आजारातून उठलेला होता आणि त्याला लवकर आटपायचं होतं, असा माझा अंदाज आहे. शेजारणीने पहिल्या खेपेला झेंडा पाडला. दुसऱ्या खेपेला ती इतकी हळू चालवत होती की परीक्षकाने तिला विचारलं, "मॅडम, आपण निघालोय का?" ती घरी येऊन खूप रडली. तिसऱ्या वेळी पास झाली तेव्हा बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. तिने त्यांना गाठून कडकडून मिठी मारली. बाईंना मिठीची सवय नव्हती. त्या दोन्ही हात अंगाशी धरून शांत उभ्या राहिल्या, आणि मग एका हाताने तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने इंडियन स्टोअरमधून पेढे आणले आणि आमच्याकडे देऊन गेला. "आता ग्रोसरी तिच्याकडे," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

लायसन्स मिळाल्यावर आम्ही काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. काकूंच्या मनगटाला फिजिओथेरपी लागत होती, तिथे शेजारीण त्यांना न्यायची. एकदा क्लिनिकमध्ये चर्चमधल्या एक आजी भेटल्या, टॅक्सीची वाट पाहत होत्या. त्यांना तिने घरी सोडलं. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. मग चर्चमध्ये फोन यायला लागले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, केस कापायचेत, नवऱ्याला भेटायला नर्सिंग होममध्ये जायचंय. कुणी मोकळी असेल ती जायची. ज्यांना आम्ही भुकेल्या आणि एकट्या समजून जेवायला बोलावलं होतं त्याच बायका आता बोलावणाऱ्यांना घेऊन गावभर हिंडत होत्या.

वर्षाच्या शेवटी मुख्य कार्यालयाने विचारलं, या सेवाकार्यातून किती नवे सभासद झाले? पाळकबाईंनी शून्य कळवलं. खालच्या मोकळ्या जागेत आमच्या वर्गाबद्दल लिहिलं. त्यावर काही उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी नवं खोकं मात्र आलं, त्यात कॅसेटऐवजी सीडी होत्या.

अध्यक्षांची नजर अधू होत होती हे आमच्या लक्षात आलं नाही. ते कुणाला सांगणारे नव्हते. २००६च्या सुमाराला त्यांचं लायसन्स रिन्यू झालं नाही. डोळ्याच्या मध्यभागी काळा ठिपका दिसायचा, कडेकडेने दिसायचं. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्यांना मिनिॲपोलिसला जावं लागे. बायको आधीच वारलेली, मुलगा टेक्ससला. पहिले काही दिवस ते टॅक्सीने गेले. मग एका रविवारी पाळकबाईंनी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "तुम्हाला कोण नेतं?"

"बघतो," ते म्हणाले.

"मी नेते," शेजारीण म्हणाली. ती त्या दिवशी खेळण्यांच्या खोलीतून मुलीची राहिलेली टोपी न्यायला आली होती आणि दारात उभी होती.

त्यांच्या पहिल्या फेरीला मी मागे बसले होते, मला शहरात काम होतं म्हणून. ते पुढे बसले, कोट घातलेला, पेनं खिशात. हायवेला लागायच्या आधी त्यांनी कोटातून एक पत्रिका काढली. तीच, जुनी.

"मी ही तुम्हाला एकदा दिली होती," ते म्हणाले. "तुम्ही वाचलीत की नाही मला माहीत नाही. मला पुन्हा द्यावीशी वाटते. तुम्ही माझ्यासाठी एवढं करता, आणि मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते मी तुमच्यापासून लपवून ठेवलं तर बरं नाही."

मागच्या सीटवर मी अंग चोरून बसले. समितीत ठरलेलं मोडलं होतं, आणि माणूस असा होता की त्याला काही म्हणवेना.

शेजारीण रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "काका, ती मी तेव्हाच वाचली. आमच्या घरात देव आहेत, मी त्यांचं करते. ही पण ठेवते. पण आधी सीट बेल्ट लावा."

ते गडबडले. बेल्टचं टोक त्यांना दिसत नव्हतं. तिने गाडी कडेला घेतली, वाकून त्यांचा बेल्ट लावला आणि पुन्हा निघाली. 'काका' म्हणजे काय हे त्यांनी परत येताना विचारलं. तिने सांगितलं. "माझ्या भावाची मुलं मला कधी फोन करत नाहीत," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं तीच त्यांना नेत होती. गाडीत वाद चालायचे. पुनर्जन्म खरा का, इथपासून स्पीड लिमिट पाळायचं म्हणजे किती पाळायचं, इथपर्यंत. एकदा ती मला म्हणाली, "आज काका हरले. पण मान्य करत नाहीत." कशावर हरले ते तिने सांगितलं नाही.

त्याच सुमाराला शेजारच्या गावातल्या एका चर्चने मला बोलावलं. त्यांनाही असंच काही सुरू करायचं होतं. माझ्यापुढे त्यांच्या समितीची माणसं बसली, हातात कॅटलॉग. यातलं कुठलं साहित्य मागवू, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, विम्याचा भाग ज्यात नीट दिलाय ते मागवा, त्याचा फार उपयोग होतो. आणि फुगे नकोत. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग मी आमची सगळी हकीकत सांगितली, हॉटडिशसकट. एक बाई म्हणाल्या, "पण आमच्याकडे सगळ्यांना गाडी येते." मी म्हटलं, "मग तुमच्याकडे दुसरं काही असेल. मला नाही माहीत." त्या जरा नाराज झाल्या. पुढे त्यांनी काय केलं ते कळलं नाही.

२००८ साली शेजारणीच्या नवऱ्याची नोकरी गेली. ग्रीन कार्ड लांबच होतं, दुसरी नोकरी व्हिसाच्या मुदतीत मिळाली नाही. आमच्या बिल्डिंगमधले बरेच जण त्या वर्षी परत गेले, पार्किंगमध्ये जागाच जागा झाली. तिने सोफा विकला, भांडी वाटली. त्यांची गाडी एका सोमाली बाईने घेतली, जी आमच्याच वर्गात शिकली होती. काकांना आता कोण नेणार याची तिला काळजी होती. तिने स्वतः फोन करून तामिळ बाईला पटवलं आणि बजावलं, "ते वाद घालतील. तूही घाल. गप्प बसलीस तर त्यांना आवडणार नाही."

एअरपोर्टला मी सोडायला गेले. बाई पण आल्या होत्या, आता काठी घेऊन. या वेळी मिठी त्यांनी मारली.

दोनेक महिन्यांनी तिचा नागपूरहून फोन आला. आवाज चढलेला होता.

"अगं, इथं क्लच आहे! डाव्या पायाने करायचं काय ते मला माहीतच नाही. काल मेडिकल चौकात गाडी बंद पडली, मागे अख्खं नागपूर!"

"मग आता कोण शिकवतंय?"

"ड्रायव्हिंग स्कूलचे एक काका आहेत. सारखं म्हणतात, हॉर्न वाजवा, हॉर्न वाजवा. मी म्हटलं, मी अमेरिकेत पाच वर्षं चालवली, एकदाही हॉर्न वाजवला नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग तिथे चालवत नव्हत्या तुम्ही, बसून होत्या."